व्हॅनकाकूंची पीएचडी

शाळेतली मुलं तिला व्हॅनकाकू म्हणत, मुलांचे आईबाप फोनवर 'त्या व्हॅनवाल्या बाई' म्हणत, आणि सासूचं डोकं फिरलं की ती 'गोगलगायवाली' म्हणे. तिन्ही हाकांना ती सारखीच ओ देई. कुणी कुठल्या नावाने हाक मारली याचा राग धरायलाही अंगात थोडी ताकद शिल्लक लागते, आणि तिची ताकद सकाळच्या फेरीतच निम्मी संपलेली असे.

खरं तर व्हॅन तिची नव्हेच. ती नवऱ्याची. लग्न झालं तेव्हा तो शाळेची मुलं ने-आण करायचा आणि ती कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, आणि कॉलेजला सुट्टी लागली की हीसुद्धा बिनपगारी घरी. कायम व्हायचं असेल तर पीएचडी करा, असं प्राचार्यांनी सांगितलं, म्हणून तिने नाव नोंदवलं. विषय तिच्या मार्गदर्शक मॅडमनी दिला : कालव्यातल्या गोगलगायी. "वाघाच्या मागे सगळेच लागतात," मॅडम म्हणाल्या होत्या, "गोगलगायीकडे कुणी बघत नाही. आणि गुरांना रोग होतात ते हिच्यामुळे. तू बघ."

मग तिने बघितल्या. वर्षानुवर्षं बघितल्या. दर रविवारी व्हॅनची मागची बाकं काढून तिथे बादल्या, चाळण्या आणि काचेच्या बरण्या ठेवायच्या आणि कालव्याच्या कडेकडेने जायचं. नवरा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्याआधी पाण्यात उतरायचा. "सावकाश गोळा कर," तो म्हणायचा, "पळून जाणाऱ्यांतल्या नाहीत त्या." आणि दर रविवारी स्वतःच्या या विनोदावर नव्याने हसायचा. घरी आल्यावर बरण्यांवर चिठ्ठ्या लिहायचं कामही त्याचंच, कारण त्याचं अक्षर चांगलं. बरण्या न्हाणीघरात असत. एकदा एका बरणीचं झाकण सैल राहिलं आणि सकाळी साबणाच्या डबीत हात घातल्यावर सासूच्या हाताला साबणाऐवजी भलतंच काहीतरी गिळगिळीत लागलं. त्या दिवशी सासूने घर डोक्यावर घेतलं. "या घरात एक तर त्या राहतील नाहीतर मी!" नवऱ्याने बरण्या गॅलरीत हलवल्या. महिनाभर सासू भेटेल त्याला सांगत होती, "सुनेने आमच्या घरात गोठा केलाय, पण गाईंचा नाही, गोगलगाईंचा."

असं सगळं बरं चाललं होतं. मग नवऱ्याच्या डोळ्यांचं झालं. आधी त्याला रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाटल्यासारखे दिसायला लागले. मग एके दिवशी त्याने दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या मुलाला "तू कोण रे?" म्हणून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, आणि यापुढे गाडी चालवायची नाही. तेव्हापासून तो कुणाशी बोलताना त्या माणसाच्या कानाच्या जरा पलीकडे बघायचा, कारण त्याला तोंड दिसायचं ते तसंच. नवीन माणसाला वाटायचं, आपल्या मागे कुणी उभं आहे की काय.

"दोन महिने मी चालवते," ती म्हणाली होती. "तोवर तुमच्या डोळ्यांचं काहीतरी होईल." डोळ्यांचं काही झालं नाही. कॉलेजचं मात्र झालं. विद्यार्थी येईनात, म्हणून प्राणिशास्त्र विभागच बंद पडला. दोन महिन्यांसाठी हातात घेतलेलं स्टिअरिंग तिच्या हातात राहिलं ते राहिलंच.

प्रबंध तिने व्हॅनमध्ये लिहिला. सकाळची मुलं शाळेत सोडायची, शाळेमागच्या भिंतीच्या सावलीत गाडी लावायची आणि मुलांच्या बाकावर मांडी घालून लॅपटॉप उघडायचा. तोंडी परीक्षाही दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "आपण सध्या काय करता?" तेव्हा मॅडमच घाईघाईने म्हणाल्या, "मुलांच्या क्षेत्रात आहे ती." परीक्षकांनी मान डोलावली.

पीएचडी मिळाल्याचं पत्र आलं, पण खरी पदवी हातात मिळायची ती समारंभातच, आणि समारंभाला मुहूर्त लागेना. एकदा प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता, एकदा सभागृहाचं छप्पर गळायला लागलं. तारीख लागे, पुढे जाई. तिने वाट बघणंही सोडून दिलं होतं. नवरा मात्र सोडेना. तो रोज विचारायचा, "आलं का काही विद्यापीठाकडून?"

शेवटी आलं. सोबत घरच्यांसाठी दोन प्रवेशपत्रिका होत्या.

"मी कशाला?" सासू म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही दोघं जा." पण आदल्या संध्याकाळी ती इस्त्री करत बसलेली दिसली, आणि इस्त्रीखाली तिचेच कपडे होते.

प्रश्न होता दुपारच्या फेरीचा. सकाळी मुलांना सोडून थेट विद्यापीठात जाता येत होतं, पण समारंभ किती वेळ चालेल याचा नेम नव्हता आणि बालवर्गाची पोरं दुपारीच सुटत. धाकटा दीर टाइल्सच्या दुकानात कामाला होता आणि त्याच्याकडे गाडीचा परवाना होता.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, वहिनी," तो म्हणाला. "मालकाला सांगून ठेवलंय. मी येतो, तुमच्याकडून किल्ली घेतो, मुलांना सोडतो. तुम्ही निवांत डॉक्टर व्हा."

तो 'हो' फार पटकन म्हणतो, हे तिला ठाऊक होतं. पण दुसरं कोण होतं?

त्या दिवशी सकाळची फेरी आटोपून तिने नवऱ्याला आणि सासूला घेतलं आणि विद्यापीठाच्या मैदानात व्हॅन लावली. गाऊन वाटपाच्या टेबलापुढे ही लांबच लांब रांग. तिच्या वाट्याला आलेला काळा गाऊन तिच्याहून वीतभर उंच माणसाचा होता आणि त्याला आधी कुणीतरी घातल्याचा घामट वास होता. टेबलावरच्या माणसाला तिने विचारलं, "जरा आखूड मिळेल का?"

"मॅडम, दोन तासांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "संसार करायचाय का यात?"

नवरा आणि सासू वर गॅलरीत बसणार होते. जिन्यापाशी नवऱ्याने तिच्या गाऊनच्या बाहीवरून हात फिरवला. "काळाच ना?"

"काळाच."

"मग बरं. दिव्यात काळा मला दिसतो. तू स्टेजवर चढलीस की आई सांगेल, मग मी जरा बाजूला बघेन, म्हणजे बरोबर दिसशील."

"बाजूलाच बघ, नाहीतर टक लावून भलत्याच बाईकडे बघशील," सासू म्हणाली आणि त्याचा दंड धरून त्याला वर घेऊन गेली.

खाली पुढच्या रांगांत पीएचडीवाल्यांच्या खुर्च्या होत्या. तिच्या शेजारी रसायनशास्त्रातली एक उंच मुलगी होती. तिने बसल्या बसल्या पायातले नवे बूट टाचांतून सैल केले आणि सुस्कारा सोडला. "चावतायत," ती म्हणाली. "आईने घेतलेत. तुमची किती वर्षं गेली?"

"मोजली नाहीत."

"माझी सात. आता झोपायचंय मला. पदवी घेऊन घरी जाते आणि सरळ झोपते."

तिलाही तेच वाटत होतं. पहाटेपासून तिला उसंत नव्हती, आणि सभागृहातल्या पंख्यांचा घुर्र आवाज आणि गाऊनची ऊब यांनी तिच्या पापण्या जड झाल्या. एवढ्या वर्षांत तिने या खुर्चीची कितीतरी चित्रं रंगवली होती. कुठल्याच चित्रात तिला जांभई येत नव्हती.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग स्वागत, मग अहवाल, मग सुवर्णपदकं. पदकांनंतर पीएचडी असं कार्यक्रमात छापलं होतं, पण पाहुण्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं म्हणून त्यांचं भाषण आधी घेतलं. पाहुणे "शेवटचा एक मुद्दा" म्हणाले तेव्हा लोकांनी खुर्चीत सरसावून टाळ्यांसाठी हात वर घेतले. त्यानंतर त्यांचे आणखी तीन शेवटचे मुद्दे झाले.

तेव्हाच गाऊनच्या आतल्या खिशात फोन थरथरला. दीर. ती खुर्चीत खाली वाकली आणि गाऊनची बाही तोंडावर धरून कुजबुजली, "भाऊजी, आलात का? बाहेरच्या दारापाशी थांबा."

"वहिनी, घोळ झालाय. मालक आलाच नाही अजून. फोनही उचलत नाही. दुकानात मी एकटा आहे, गल्ला उघडा आहे. शटर ओढून येऊ का? बोला, तुम्ही म्हणाल तसं."

'या' असं म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. पण दुकानातली ही नोकरी त्याला किती खटपटीने मिळाली होती ते तिने पाहिलं होतं.

"नको," ती म्हणाली. "दुकान सोडू नका. बघते मी."

बघते म्हणजे काय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. शाळेबाहेर आणखी एक व्हॅन थांबायची. त्या व्हॅनच्या काकांना तिने फोन लावला. "ताई," ते म्हणाले, "माझ्याकडे आज मांडीवर मांड्या बसल्यात. तुमची अकरा पोरं कुठे कोंबू? टपावर?" शाळेच्या ऑफिसात फोन नुसताच वाजत राहिला. ऑफिसातल्या बाई या वेळी डबा खातात, हे तिला माहीत होतं.

व्यासपीठावर पाहुणे म्हणत होते, "तुमच्यासमोर सारं आकाश मोकळं आहे."

तिच्यासमोर बालवर्गाचं फाटक होतं. ती पोरं व्हॅन दिसली नाही की दोन मिनिटं गप्प उभी राहतात, तिसऱ्या मिनिटाला एक रडायला लागतं, आणि एक रडलं की बाकीच्यांना निमित्तच हवं असतं. त्यातला एक तर पलीकडच्या दुकानातल्या मांजरासाठी रस्ता ओलांडायला कधीही तयार असे.

तिने मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. तिथे नुसती डोकीच डोकी. नवऱ्याने फोन बंद केला असणार. कुणी सूचना केली की तो ती शब्दशः पाळायचा. सासूकडे फोन नव्हताच. पटकन जाऊन येता येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. येता येणार नाही, हेही तिला कळत होतं.

"तुमचे पाय घ्या जरा," ती शेजारणीला म्हणाली.

"कुठे निघालात? पाहुणे बसले की आपलंच आहे!"

"मुलांना आणायचंय शाळेतून."

"घरचं कुणी नाही का? किती मुलं तुम्हाला?"

"अकरा," ती म्हणाली आणि शेजारणीच्या गुडघ्यांवरून पलीकडे गेली.

बाजूच्या दारापाशी छातीवर बिल्ला लावलेली एक स्वयंसेविका उभी होती. "बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही हं. नियम आहे."

"बरं," ती म्हणाली. त्या मुलीला बहुधा भांडणाची अपेक्षा होती. ती मुकाट्याने बाजूला झाली.

गाऊन अंगातच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं ते पहिल्या सिग्नलला, लांब बाही गिअरमध्ये अडकली तेव्हा. काढायला वेळ नव्हता. चौकातला वाहतूक पोलीस काळ्या गाऊनकडे बघून सरळ उभा राहिला आणि त्याने अदबीने वाट करून दिली. वकीलबाई समजला असावा. एवढ्या वर्षांत त्याने तिला कधी वाट दिली नव्हती, उलट दोनदा पावती फाडली होती.

फाटकाशी पोचली तेव्हा मुलं नुकतीच बाहेर पडत होती. एकही रडलं नव्हतं. मांजराचा चाहता पायरीवर बसून बुटाची नाडी चोखत होता. तिने एकेकाला उचलून आत बसवलं. एक चष्मिष्ट मुलगी दारातच थांबली आणि तिने काकूंना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"काकू, रेनकोट का घातलाय?"

"असाच."

"पण पाऊस नाहीये."

"येईल एखादवेळेस. बस आत."

"माझा रेनकोट पिवळा आहे," मुलगी म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

एकेक घर करत तिने मुलं सोडली. एकाने उतरता उतरता तिच्या बाहीला चॉकलेटचा हात पुसला. शेवटच्या मुलाच्या घराला कुलूप होतं. आजोबा औषधं आणायला गेले होते, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मग ती जिन्याच्या पायरीवर त्या मुलासोबत बसून राहिली. तो तिला आपल्या पडलेल्या दाताचं भोक दाखवत होता. या क्षणी तिकडे माझं नाव पुकारत असतील, असं तिच्या मनात आलं. अजून भाषणच चालू असेल, असंही आलं. आजोबा धापा टाकत आले, "आज फारच खोळंबा झाला तुमचा," म्हणाले. "चालायचंच," ती म्हणाली.

रिकाम्या व्हॅनमध्ये ती परत येऊन बसली, पण किल्ली फिरवायला हात उचलेना. रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिने थोडी वाट पाहिली. रडू आलं नाही. आतून नुसतं थकल्यासारखं झालं होतं, ओलं अंथरूण उचलताना हात भरून येतात तसं. आणि त्याच्या तळाशी, तिची तिलाच लाज वाटावी अशी, थोडी सुटका होती. आता ते सगळं झालं होतं. तिच्यावाचून का होईना, पण झालं होतं.

विद्यापीठात पोचली तोवर सभागृहातल्या खुर्च्या एकात एक घालून रचायला सुरुवात झाली होती. नवरा आणि सासू बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसले होते. तिच्या पावलांची चाहूल लागताच तो उठला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की ती दोन पावलं अलीकडेच थांबली.

"बघितलं तुला!" तिच्या कानापलीकडे बघत तो म्हणाला. "अगदी बरोबर बघितलं. नाव घेतलं, आणि मी जरा बाजूला नजर केली, आणि दिसलीस. काळा गाऊन, ताठ मान. काय झोकात चाललीस गं!"

त्याच्या पाठीमागे सासू उभी होती. सासूने तिच्याकडे रोखून बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. 'बोलू नकोस' अशी.

"एवढा वेळ कुठे होतीस पण? फोटोला थांबली होतीस का?"

"फोटोलाच," सासूच म्हणाली. "रांग केवढी होती. चला आता, माझे पाय गेलेत."

व्हॅनमध्ये तो नेहमीप्रमाणे पुढे, तिच्या शेजारी बसला. सासू मागे मुलांच्या बाकावर. तो बोलतच होता. टाळ्या कशा वाजल्या, शेजारच्या माणसाला त्याने कसं सांगितलं की ही माझी बायको, आणि त्या माणसाने कसा हात मिळवला. ती 'हं', 'हं' करत होती. हे असंच राहू द्यायला काय हरकत होती? त्याला आनंद झाला होता. पण मग त्याला आयुष्यभर स्टेजवरच्या त्या चालण्याबद्दल बोलायचं असणार, ती पायरी उंच होती का, पाहुण्यांनी काय म्हटलं, आणि प्रत्येक वेळी तिला काहीतरी नवं रचावं लागणार. खोटं सांभाळायला जीव लागतो. तेवढा तिच्यात उरला नव्हता.

तिने गाडी कडेला घेतली.

"काय झालं? पंक्चर?"

"ती मी नव्हते."

"कोण?"

"तुम्ही बघितलीत ती. मी तिथे नव्हतेच. भाऊजींना दुकान सोडता येईना. मुलांना आणायला गेले होते."

 रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या.

"मग ती कोण होती?"

"शेजारच्या खुर्चीतली असणार. केमिस्ट्रीची. माझं नाव गेलं आणि रांग पुढे सरकली असेल."

 "चालली मात्र झोकात," तो म्हणाला.

"तिला बूट चावत होते."

आधी मागच्या बाकावरून सासूच्या नाकातून एक आवाज आला. मग ती उघडच हसायला लागली. "मी तरी काय करू? हिची खुर्ची रिकामी दिसत होती मला वरून. मी सांगणार, एवढ्यात हा उठून उभा राहिला आणि टाळ्या पिटायला लागला. अख्खी गॅलरी बघायला लागली. त्याच्या तोंडाकडे बघून 'नाही' म्हणवेना मला."

"तू तर म्हणालीस, बघ कशी ताठ चालतेय!"

"ताठच चालत होती ती बाई! त्यात काय खोटं?"

तोही हसला. मग हसता हसता थांबला आणि समोरच्या काचेकडे तोंड करून म्हणाला, "मला निरोप द्यायचा होतास. मी गेलो असतो मुलांना..." वाक्य तिथेच राहिलं. त्याने स्वतःच्या मांडीवर हात आपटला, जोरात नाही, आणि तो हात तसाच ठेवला.

तिने त्या हातावर आपला हात ठेवला.  "मला भूक लागलीय," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही."

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून पाव आणि उकडलेली अंडी घेतली आणि तिघांनी व्हॅनमध्ये बसून खाल्ली. सासूने आपल्यातलं अर्धं अंडं तिच्या कागदावर ठेवलं आणि बाहेर बघत राहिली, जणू ते आपोआपच तिकडे गेलं होतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "कुठे होतीस गं? मी व्यासपीठाकडे मान लांब करकरून बघत होते!" तिने सगळं सांगितलं. 

"मीसुद्धा माझ्या समारंभाला नव्हते," त्या म्हणाल्या. "मला पोस्टाने आली पदवी."

"का हो? काय झालं होतं?"

"काही नाही. ताप आला होता."

गाऊन परत द्यायला गेली तेव्हा टेबलावरच्या त्याच माणसाने बाहीवरचा चॉकलेटचा डाग अंगठ्याने खरवडून पाहिला. "हे काय?" "चॉकलेट." "समारंभात चॉकलेट वाटलं?" तिने नुसते खांदे उडवले. पदवी नंतर एका खिडकीवर मिळाली. तिथल्या बाईंनी सही घेतली, पुठ्ठ्याची नळी पुढे सरकवली आणि "पुढचे" म्हणून हाक मारली. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली आणि नळी नवऱ्याच्या हातात दिली. त्याने कागद उलगडला, अंगठा फिरवून कागदाचा जाडपणा पाहिला आणि आईकडे दिला. "वाच." सासूने चष्मा लावला. नाव नीट वाचलं. प्रबंधाच्या शीर्षकापाशी मात्र अडखळली. "कालवा... कालवाप्रणालीतील... मृदु... हे काय आहे, मृदुका?"

"मृदुकाय," तो म्हणाला आणि पुढचं सगळं शीर्षक त्याने न बघता, एका दमात म्हणून दाखवलं. बरण्यांच्या चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्या होत्या.

"एवढं लांब?" सासू म्हणाली. "सरळ गोगलगाय म्हणायचं की."

तिने हे अर्धवटच ऐकलं. खुर्चीत मान कलली होती. दोघांचे आवाज हळू झाले, मग दूर गेले. दुपारच्या फेरीआधी नवऱ्याने तिला उठवलं.

पुढे तिने बऱ्याच कॉलेजांना अर्ज केले. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. संध्याकाळचे वर्ग, आणि तेही तासिका तत्त्वावर. "म्हणजे पीएचडी करून तिथेच आलीस की," सासू म्हणाली. "तिथेच," ती म्हणाली, आणि तरी गेली. व्हॅनही सोडली नाही. सोडून चालणारं नव्हतं. नवरा आता पालकांचे फोन घ्यायचा, कुणाचं मूल आज येणार नाही हे सगळं त्याच्या तोंडपाठ असायचं, आणि दुपारी बालवर्गाच्या मुलांना हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवायचं काम त्याने स्वतःहून घेतलं होतं. तो बोलताना बाजूला बघतो, याचं मुलांना काही वाटायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी ती दोन्ही फेऱ्या करून, तोंडावर पाणी मारून वर्गात गेली. दिवसा कुठेकुठे कामं करून आलेली सहासात मुलं होती. शेवटच्या बाकावरचा एक जण हातांवर डोकं ठेवून गाढ झोपला होता, हाताला ग्रीसचे डाग. पुढच्या बाकावरचा म्हणाला, "मॅडम, उठवू का त्याला?"

तिने फळ्यावर तारीख लिहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "आपण जरा हळू बोलू."